राखाडी कोंबडी कधी उतरते

त्साय गुरुजींनी कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावण्याआधी त्याच्यावरचं हिरवं पाकीट उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि पाकिटामागची तारीख डोळ्यांजवळ धरून वाचली.

"अगं, पंधरा वर्षं!" ते म्हणाले. "हा खाऊ शिळा होऊन पंधरा वर्षं झाली, रुइ-चिन. मग मशीन तुमचं ऐकेल कशाला?"

पाकिटात मक्याचा कुरकुरीत खाऊ. त्याच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. यंत्राशेजारी हे पाकीट ठेवल्याशिवाय आमच्या बूदाय गावच्या मासळी संघात काय किंवा तायपेच्या मोठ्या कचेऱ्यांत काय, कुणाचा जीव स्वस्थ बसत नाही. पाकीट हिरवं हवं, ताजं हवं आणि कुणी फोडलेलं नसावं. गुरुजी येतानाच नवं घेऊन आले होते. ते त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि मगच खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

रुइ-चिन एरवी असल्या गोष्टींना हसायची. पन्नाशीला टेकलेली बाई, चिआयी शहरातल्या शाळेत चिनी भाषा शिकवणारी. मुलांच्या वहीतली एक चूक नजरेतून सुटली तर जिला जेवण गोड लागत नाही अशी. पण त्या शनिवारी सकाळी गुरुजींनी सांगितलं असतं तर तिनं त्या डब्याला उदबत्तीही ओवाळली असती. त्या डब्यात तिच्या आईचे शब्द होते, आणि आईपाशी आता एकच शब्द उरला होता.

मार्चमध्ये आईला, स्यू-ल्वानला, झटका आला. ऐंशी वर्षांची खमकी बाई. चाळीस वर्षं कालवं सोलून घर चालवलेली. पाय सुधारला, हात सुधारला. दारातल्या बाकावर बसून चाकूनं कालव उघडण्याइतकी बोटं पुन्हा वळू लागली. समजतही सगळं होतं. जीभ तेवढी परत आली नाही. काही विचारलं की ती 'हो' म्हणायची. आमच्या किनाऱ्याकडच्या बोलीत 'हो' म्हणजे छान. दुखतंय का? छान. सूप गरम आहे का? छान. रात्री झोप लागली नाही का? छान. आधी घरात सगळे हसायचे, तीही हसायची. मग हसणं बंद झालं.

इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या येनबाई होत्या. त्या आईपुढे चित्रांची कार्डं धरायच्या: सफरचंद, छत्री, विमान. ऑगस्टपर्यंत आईनं प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये एके दिवशी तिनं विमानाचं कार्ड हातानं बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते काही केल्या पुन्हा इकडे वळेना.

"बोलायची इच्छाच मेली तर माझ्या हातात काही राहत नाही," येनबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "आणि खरं सांगू? ही कार्डं कुणाच्या तरी कारखान्यात छापलेली. त्यांची थोडीच आहेत? त्यांनी स्वतः कधी काही लिहिलंय का हो? त्यांच्या तोंडचं, त्यांच्या वळणाचं? ते मोठ्या अक्षरांत समोर ठेवलं तर जिभेला कधीकधी जुनी वाट सापडते. कधीकधी म्हणतेय मी, नेहमी नाही."

लिहिलं होतं ना! शेकड्यांनी लिहिलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी रुइ-चिन कॅनडातल्या विनिपेग नावाच्या बर्फाळ गावी शिकायला आणि शिकवायला गेली. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या स्यू-ल्वाननं गावच्या शाळेत त्साय गुरुजींच्या कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात बारा बायका, बाराही कालवं सोलणाऱ्या. गुरुजी त्यांना दारातच लिंबानं हात धुवायला लावत, कारण पहिल्या आठवड्यानंतर शाळेतली मांजरं कीबोर्ड चाटायला येऊ लागली होती. पाच वर्षं आई या घरच्या कॉम्प्युटरवरून लेकीला ई-मेल लिहीत राहिली. रुइ-चिनकडे त्यातलं एकही उरलं नव्हतं. तिचं ते तिकडचं फुकटातलं ई-मेल खातं कंपनीसकट केव्हाच गुंडाळलं गेलं होतं.

आणि घरच्या कॉम्प्युटरवरची? ती आईनं स्वतःच्या हातांनी पुसली होती. लेक परत आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, नववर्षाआधीच्या साफसफाईत. खिडक्या पुसून झाल्या, देव्हारा पुसून झाला, माळ्यावरचे डबे झाले, आणि बाईंची नजर कॉम्प्युटरकडे वळली. 'पाठवलेली पत्रं' या खणात बघितलं तर पत्रांचा हा ढीग!

"पाठवलेली म्हणजे पोचलेली," तिनं तेव्हा रुइ-चिनला अभिमानानं सांगितलं होतं. "नव्या वर्षात पोस्टमनची पिशवी रिकामी असावी. सगळी काढून टाकली. केरसुद्धा ओतला."

केर ओतला म्हणजे कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. रुइ-चिन त्या वेळी म्हणाली होती, "बरं झालं." आता ते आठवलं की तिला आपल्याच जिभेचा राग यायचा.

"पुसलं म्हणजे गेलं, असं नसतं," गुरुजी डिस्क बाहेर काढता काढता म्हणाले. शहात्तर वर्षांचे, पण स्क्रू फिरवताना हात थरथरत नव्हता. "मशीन तुझ्या वर्गातल्या पोरांसारखं आळशी असतं. ते दारावरची पाटी काढतं, घर पाडत नाही. नवं बिऱ्हाड येऊन भिंती पाडेपर्यंत जुनं सामान आत तसंच. तू परत आलीस, मग लिहायचं कुणाला? आईनं ह्याच्यावर कापड घातलं ते घातलं, पुन्हा चालूच केलं नाही. ते कापड देवासारखं धावून आलं बघ."

त्यांनी डिस्क आपल्या लॅपटॉपला वायरनं जोडली आणि खोदकामाचा प्रोग्राम चालू केला. बाहेर अंगणात आई बाकावर बसून कालवं उघडत होती. कवच टोपलीत पडल्याचा आवाज थांबून थांबून यायचा. दोन तास गेले. गुरुजींनी चहाचे तीन पेले संपवले आणि जुन्या बारा विद्यार्थिनींची आठवण काढली. त्यातल्या पाच आता नव्हत्या.

मग पडद्यावर आकडा आला: नऊ हजार चारशे बारा.

"सापडली?" रुइ-चिन उभीच राहिली.

"सापडली, पण नावं-गावं गेली. कुणी कुणाला लिहिलं, कधी लिहिलं, ते फाटलंय. फक्त आतला मजकूर आहे आणि वर नंबर. ह्यात तुझ्या भावाचे विनोद आहेत, औषधांच्या जाहिराती आहेत, सकाळी उठून कोमट पाणी प्या आहे. आता तू शोध. शब्द टाक, मशीन शोधून देईल."

रुइ-चिन बसली. आईला काय विचारायची सवय होती? विमान कधी उतरतं. दर सुट्टीआधी हाच प्रश्न. तिनं 'विमान' टाकलं. सदतीस पत्रं आली. स्वस्त तिकिटांच्या जाहिराती, भावाचा एक पाचकळ विनोद, पुन्हा जाहिराती. तिनं 'भात खाल्लास का' टाकलं. आई जेवणाचं विचारल्याशिवाय पत्र संपवायचीच नाही. आल्या त्या भात शिजवायच्या कुकरच्या जाहिराती. 'ताप', कारण पहिल्या हिवाळ्यात तिला पंधरा दिवस ताप होता. कोमट पाणी प्या. 'काळजी करू नकोस.' विम्याची कंपनी.

"नाहीत," ती म्हणाली. "गुरुजी, आईची नाहीतच ह्यात. गेली ती."

मार्चपासून ती रडली नव्हती, आणि गुरुजींसमोर रडायचं नव्हतं. गुरुजी तिच्याकडे न बघता हिरवं पाकीट जरा सरळ करत बसले.

"त्या सदतीसमध्ये तुझी उत्तरंही असतील ना?" ते म्हणाले. "ती तरी वाच. आईनं तुझी पत्रं कधी पुसली नाहीत. आलेलं पत्र फेकायचं नसतं, असं वर्गात सगळ्यांना बजावायची."

रुइ-चिननं पुन्हा 'विमान' टाकलं आणि यादीत खाली गेली. होती. तिची स्वतःची. सत्तावीस वर्षांच्या हुशार मुलीनं लिहिलेली:

'आई, विमान म्हणजे फेइ-जी. फेइ! वरचे दात खालच्या ओठावर टेकव आणि फुंक मार. तू हुइ-जी लिहितेस. हुइ-जी म्हणजे राखाडी कोंबडी. राखाडी कोंबडी कधी उतरते असं विचारलंस तर मी काय सांगू? फेइ-जी दहा वेळा लिहून पाठव.'

तिनं ते दोनदा वाचलं. कान तापले.

किनाऱ्यावरच्या आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात 'फ' बसत नाही. बोलीत तो नाहीच, मग तोंडात येणार कुठून? 'फ'चा सरळ 'ह' होतो. बोलताना कुणाचं अडत नाही. पण आमच्याकडे कॉम्प्युटरवर आवाजावरून लिहितात. जसा उच्चार कराल तसं अक्षर पुढे येतं; लेकीचं घरातलं नाव आ-चिन, तेही दर पत्रात वेगळ्याच अक्षरांत उमटायचं. आई म्हणायची हुइ, म्हणून यायची राखाडी कोंबडी. ती भात म्हणायला जायची आणि उमटायचा 'बदल'. खोलीची व्हायची 'पिवळी'. ताप आला, ऐवजी 'फूल जळलं'. आणि काळजी करू नकोस, जीव निवांत ठेव म्हणायला आपल्याकडे जो शब्द आहे, फांग-शिन, त्याचा व्हायचा ह्वांग-शिन: काळीज हलू दे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाई सकाळपासून बरोबर शब्द शोधत बसली होती, आणि आईनं तो उभ्या जन्मात लिहिलाच नव्हता.

तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. बोटं हलेनात. पंचवीस वर्षं चुकांवर लाल रेघ मारणारी बोटं ती. चूक मुद्दाम करायची त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा तिच्याकडून 'फेइ'च पडलं.

"तोंडानं म्हण," गुरुजी म्हणाले. "स्यू-ल्वान आधी मोठ्यानं म्हणायची आणि मग बोट टेकवायची. बाराही जणी तशाच. माझा वर्ग नव्हता तो, मासळी बाजार होता."

रुइ-चिननं ओठ सैल सोडले. दात ओठाला लागू दिले नाहीत. आईच्या तोंडानं ती म्हणाली, "हुइ-जी."

आणि टाइप केलं.

एकशे चौसष्ट पत्रं आली.

'आ-चिन, राखाडी कोंबडी कधी उतरते? मी घ्यायला येते. कोंबडीत बदल खाऊ नकोस, गार असतो. मी घरी बदल शिजवते.'

'आ-चिन, आज दाताच्या डॉक्टरकडे गेले. खिडकीतून राखाडी कोंबडी दिसली. मी हात केला. डॉक्टर म्हणाला हलू नका.'

गुरुजींना हसू आवरेना. रुइ-चिनही हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि कुणासमोर रडतोय याचं भान तिला राहिलं नव्हतं. तिनं 'फूल जळलं' टाकलं: 'तुझं फूल अजून जळतंय का? मी देवळात गेले. देवीला सांगितलं तिचं फूल विझव आणि वाटलं तर माझं जाळ.' तिनं 'पिवळी' टाकलं: 'तुझ्या पिवळीत थंडी आहे म्हणालीस. मी कालवांचे जादा डबे सोलतेय. त्याचा हीटर घे, पुस्तक घेऊ नकोस.'

तो हीटर तिला आठवला. पैसे आले होते, आणि ते कुठून आले हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

मग ते एक पत्र उघडलं. त्यात 'राखाडी कोंबडी, राखाडी कोंबडी, राखाडी कोंबडी', एकाखाली एक अशी दहा वेळा. शेवटी एक ओळ: 'दहा वेळा लिहिलं. आता बरोबर झालं ना?'

हे पत्र विनिपेगला आलं तेव्हा रुइ-चिननं ते खोलीतल्या मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. पोट धरून हसल्या होत्या सगळ्या. नंतर आईला लाल अक्षरांत उत्तर गेलं होतं: 'दहाही चूक.'

त्यानंतर पत्रं आखूड होत गेली. पुढल्या वर्षांत आई लिहायची, 'सगळं ठीक. आई.' त्यात 'फ' कुठेच येत नाही. तिला जमणारे, कुणी बोट ठेवू शकणार नाही असे शब्द तिनं निवडून घेतले होते. रुइ-चिनला तेव्हा वाटलं होतं, आई सुधारली.

"मी तिची जीभ तेव्हाच धरली होती, गुरुजी," ती म्हणाली. "झटका आता आला."

गुरुजींनी पेला खाली ठेवला. "उगाच काहीतरी बोलू नकोस. लेकरू शिकलं की आईला शिकवायला जातंच; माझा मुलगा मला अजून फोन धरायला शिकवतो. पण एक बघ. तिनं बरोबर लिहिलं असतं ना, तर आज ती पत्रं कुकरच्या जाहिरातींत कायमची हरवली असती. नऊ हजारांत आईची कुठली हे मशीनला कळलं ते तिच्या चुकांवरून. तिनं तुझं ऐकलं नाही, याबद्दल हात जोड तिला."

रुइ-चिननं खरोखरच हात जोडले. आधी गुरुजींना, आणि ते "अगं, अगं" करेपर्यंत त्या जुन्या डब्यालाही.

तिनं वीस पत्रं निवडली आणि मोठ्या अक्षरांत छापून काढली. एकही अक्षर बदललं नाही. ते तिला किती जड गेलं ते तिच्या शाळेतल्या मुलांनाच कळलं असतं.

उन्हं अंगणात आली होती. आई बाकावर होती, पायाशी टोपली, हातात चाकू. रुइ-चिन तिच्यासमोर पाटावर बसली. गुरुजी दाराशीच थांबले. कागद बघून आईनं ओळखलं की पुन्हा तेच, कार्डं. ती मान फिरवू लागली.

"आई, कार्डं नाहीत. तुझीच पत्रं आहेत. तू पोस्टमनची पिशवी ओतली होतीस ना, ती गुरुजींनी परत भरली."

आईनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी हातातलं हिरवं पाकीट उंच करून दाखवलं.

रुइ-चिन वाचू लागली. शाळेतल्या बाईंच्या आवाजात नाही, आईच्या. "आ-चिन, हुइ-जी कधी उतरते? मी घ्यायला येते. कोंबडीत बदल खाऊ नकोस…"

आईचा चाकू थांबला. ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. रुइ-चिनला क्षणभर भीती वाटली, पण ते हसू होतं. कित्येक महिन्यांतलं पहिलं. तिनं चाकू टोपलीत टाकला, ओला हात रबरी एप्रनला पुसला आणि कागद ओढून घेतला. बोट ओळीवर ठेवलं. ओठ हलले.

"हो…" ती म्हणाली. मान हलवली, हे नव्हे. "हु…"

गुरुजींनी पाकीट छातीशी धरलं होतं, ते कुरकुरलं.

"हुइ," आई म्हणाली. "हुइ… जी."

सहा महिन्यांत तिच्या तोंडून आलेला हा दुसरा शब्द. आणि म्हणून होताच आई थांबली. तिचे डोळे लेकीच्या ओठांवर गेले. रुइ-चिनला ते बघणं ओळखू आलं. तिच्या वर्गातली मुलं फळ्यासमोर उत्तर देऊन असंच बघतात. आई वाट बघत होती. आता दात ओठावर टेकतील, आता 'फ' येईल.

"हुइ-जी," रुइ-चिन म्हणाली. "बरोबर आहे, आई. दहाही बरोबर होते." कागद मांडीवरून घसरले, आणि ती आईच्या ओल्या एप्रनमध्ये डोकं खुपसून रडली. एप्रनला समुद्राचा आणि लिंबाचा वास होता.

डोक्यावर आईचा हात आला. सुरकुतलेला, चाकूच्या जुन्या व्रणांचा. तो दोनदा थोपटून थांबला. आई काहीतरी जुळवत होती. छातीतून हवा यायची आणि ओठांशी अडायची. या वेळी तिच्यासमोर कागद नव्हता.

"आ-चिन," ती म्हणाली. मग पुष्कळ वेळानं, एकेक तुकडा चिमटीनं उचलावा तसं, "ह्वांग… शिन."

काळीज हलू दे.

रुइ-चिनचं हललं होतंच. तिनं मान वर केली, नाक पुसलं आणि आईच्या बोलीत उत्तर दिलं.

"हो."